मदत की देणे?

(संस्थेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे झालेले भाषण)



या व्याख्यानमालेत गेले चार दिवस आपण कीर्तन ऐकलेत, काव्यगायन ऐकलेत, आहारावरील उपयुक्त व्याख्यानही ऐकलेत. अशा सुग्रास पंक्तीच्या शेवटी वकिलाचे भाषण ठेवण्यात चिटणीसांनी मोठेच धाडस केले आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणीच पाठ केलेली असते. आमचा चरितार्थ ती म्हण न मानणाऱ्यांवर चालला, ही गोष्ट निराळी. तथापि चाळीस वर्षे ती पायरी झिजविल्यावर आमचे असे मत झाले आहे की, ही म्हण अर्धीच खरी आहे. शहाण्याने विनाकारण कोर्टात जाऊ नये हे बरोबर. परंतु आपले हक्काचे काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो शहाणा कसला?

आजचा विषय आहे दुसऱ्याच्या चुकीमुळे आपले नुकसान झाले, अंगाला इजा झाली, तर दिवाणी कायदा काय सांगतो हा. इंग्रजी कायद्यात याला ‘टॉर्ट’ म्हणतात. मराठीत ‘अपकृत्य’ असा शब्द रूढ आहे. टॉर्ट हा शब्द मुळात लॅटिन भाषेतील, आणि त्याचा अर्थ वाकडे, पिळवटलेले. आपणही ‘त्याने माझे काय वाकडे केले?’ असे म्हणतोच. कुणी आपले वाकडे केले तर ते सरळ करून मागण्याचा जो कायदा, तो हा.

परंतु विषयाकडे वळण्यापूर्वी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. ती या संस्थेची आहे आणि आमचीही आहे. ती सांगण्याची परवानगी विश्वस्तमंडळाने दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

२००३ सालच्या पावसाळ्यात आपल्या कार्यालयाची मागील भिंत रस्त्यावर कोसळली. जुन्या सभासदांना ते आठवत असेल. सकाळची वेळ होती. भिंतीच्या आडोशाला एक भाजीवाली रोज बसत असे; बुऱ्हाणपूरकडची मराठी बाई, वय चौतीस, पदरी सात-आठ वर्षांचा मुलगा. तिचा उजवा पाय विटांखाली सापडला. प्राण वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. डोक्यावर पाटी घेऊन मंडईतून चालत येणे संपले.

चार दिवसांनी विश्वस्तांची तातडीची सभा भरली. आम्ही संस्थेचे कायदेशीर सल्लागार होतो. सर्वांनाच वाईट वाटले होते. कुणाचेही मन दगडाचे नव्हते. प्रश्न आला, काय करायचे? आम्ही सल्ला दिला तो असा : संस्थेने चूक कबूल केल्यासारखे एक अक्षरही लिहू नये, गरजूंना मदत देण्याच्या खात्यातून तिला पाच हजार रुपये मंजूर करावेत, आणि ‘वैद्यकीय मदत पोहोचली, माझी काही तक्रार नाही’ अशी पावती घ्यावी. ठराव एकमताने पास झाला. पैसे देण्यास आम्हीच गेलो. बाईने अंगठा उठविला, नोटा मोजल्या, आणि विचारले, “वकीलसाहेब, हे पैसे मदतीचे, का माझ्या पायाचे?”

आम्ही “मदतीचे” असे सांगून निघून आलो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते, ते समजून घेण्यासाठीच आजचे भाषण आहे असे समजावे.

प्रथम एक फरक ध्यानात घेऊ. कुणी मोटार बेफामपणे हाकून माणसाला जखमी केले, तर सरकार त्याच्यावर फौजदारी खटला भरते. त्यात शिक्षा होते ती समाजाच्या वतीने. गुन्हा संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो, आणि आरोपी तुरुंगात गेला म्हणून जखमी माणसाच्या औषधाचे बिल भरले जात नाही. दिवाणी दावा निराळा. तेथे न्यायाधीश पाहतो की दोन बाजूंपैकी कोणती अधिक संभवनीय. आणि निकाल होतो तो भरपाईचा. फौजदारीत आरोपी सुटला म्हणजे दिवाणीचा मार्ग बंद झाला, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

हा कायदा आपल्याकडे एका पुस्तकात सापडत नाही. करारांचा कायदा आहे, मालमत्ता हस्तांतरणाचा आहे. अपकृत्यांचा संपूर्ण कायदा मात्र नाही. सर फ्रेडरिक पोलॉक या इंग्रज पंडिताने १८८६ साली हिंदुस्थानासाठी त्याचा मसुदा तयार केला होता, पण तो कधीच मंजूर झाला नाही. म्हणून आपली न्यायालये ‘न्याय, समबुद्धी व सद्विवेक’ या तत्त्वाने, बव्हंशी इंग्रजी निवाड्यांच्या आधारे, निर्णय देत आली. हा निवाड्यांचा कायदा आहे आणि प्रत्येक निवाड्यामागे कुणातरी माणसाचे दुःख आहे.

स्कॉटलंडमधील पेझ्ली गावची गोष्ट घ्या. २६ ऑगस्ट १९२८ रोजी मे डोनोह्यू नावाची एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागविली. बाटली अपारदर्शक होती. अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय पडली, आणि आपण आजारी पडलो, अशी तिची तक्रार. पैसे मैत्रिणीने दिलेले. म्हणजे दुकानदाराशी हिचा करार नाही. कारखानदाराशी तर नाहीच. मग दाद कुणाकडे मागावी? प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, आणि १९३२ साली लॉर्ड ॲटकिन यांनी सांगितले की, आपल्या कृत्याने ज्याला इजा पोचेल हे आपल्याला सहज दिसावयास हवे, तो कायद्याने आपला शेजारी. आणि शेजाऱ्याला इजा होणार नाही एवढी वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य. गोगलगाय बाटलीत खरोखर होती काय, हे शेवटपर्यंत शाबीत झालेच नाही, कारण पुढे तडजोड झाली. परंतु त्या न दिसलेल्या गोगलगायीने निम्म्या जगाचा कायदा बदलला.

हयगयीच्या दाव्यात वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : काळजी घेण्याचे कर्तव्य प्रतिवादीवर होते, त्याने ते मोडले, आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले. यांपैकी एक पाय लंगडा पडला की तिवई कोसळते.

नुसते नुकसान झाले म्हणजे दावा उभा राहतो असेही नाही. १४१० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर गावी जुन्या शाळेशेजारी एका मास्तराने नवी शाळा काढली. जुन्या शाळेला फी उतरवावी लागली. त्यांनी दावा केला, आणि तो फेटाळला गेला. प्रामाणिक चढाओढीत होणारे नुकसान हे अपकृत्य नव्हे. आपल्या समोरच दुसरे मंगल कार्यालय झाले तेव्हा काही सभासद आमच्याकडे कायदा विचारण्यास आले होते. त्यांना आम्ही हीच शाळा दाखविली होती. ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटात सरस्वती, लक्ष्मी आणि पार्वती या देवी मत्सरी दाखविल्या, त्यामुळे आमच्या भावना दुखावल्या, असा दावा गुजरातेत झाला होता. धर्मभावना दुखावणे ही दिवाणी दाव्यास पुरेशी हानी नव्हे, असे तेथील उच्च न्यायालयाने त्याच दशकात ठरविले. असो.

आता आपल्या मराठी मुलखातील एक प्रकरण सांगतो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. तेथे पुरेसे उपचार नव्हते. नातेवाइकांनी त्याला मोटारीने पुण्यास एका नामवंत शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात आणले. त्याच रात्री मुलगा वारला. वडिलांचे म्हणणे, भूल न देता आणि फाजील जोर लावून हाड ओढण्यात आले व त्या धक्क्याने मुलगा गेला. खालच्या कोर्टाने ते मान्य केले, मुंबई उच्च न्यायालयाने कायम केले, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही. भरपाई किती? तीन हजार रुपये! पंधरा वर्षे आणि तीन कोर्टे, ती तीन हजारांसाठी नव्हती हे उघड आहे. पण त्या निकालात डॉक्टरांची तीन कर्तव्ये स्पष्टपणे सांगितली गेली : रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी, उपचार कोणता करावा हे ठरविताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. रोगी बराच झाला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. त्या धंद्यातील सामान्यतः कसबी माणूस जेवढी दक्षता घेईल तेवढी घ्या, एवढेच म्हणतो.

येथे आपल्या धर्मार्थ दवाखान्याविषयी एक शब्द. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. मात्र जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार होतात आणि नाममात्र केसपेपरचेच पैसे घेतले जातात, ती सेवा त्या कायद्याबाहेर आहे. आता १९८६ च्या कायद्याऐवजी २०१९ चा कायदा लागू आहे. आपल्या काही कार्यकर्त्यांचा यावरून समज झाला आहे की, फुकट देतो म्हणजे आपण जबाबदार नाही. तसे नव्हे. ग्राहक आयोगाचे दार बंद असले तरी दिवाणी कोर्टाचे दार उघडेच असते. फुकट दिलेले चुकीचे इंजेक्शन हे चुकीचेच इंजेक्शन होय. धर्मादाय संस्था म्हणून काळजीत सूट मिळत नाही.

सरकारविरुद्ध काय? उदयपूरला १९५२ साली कलेक्टरांची सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने पदपथावरून चालणाऱ्या एका माणसास उडविले, तो वारला. सरकार म्हणाले, आम्ही राजे, आमच्यावर दावा कसला? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ते मानले नाही व पंधरा हजारांची भरपाई कायम केली. पण दोनच वर्षांनी उलटा निकाल आला. १९४७ मध्ये मीरतेस पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले. ते ज्याच्या ताब्यात होते तो हेड कॉन्स्टेबलच सोने घेऊन पाकिस्तानात पसार झाला. व्यापाऱ्याने दाद मागितली, तर जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम म्हणून त्याला काही मिळाले नाही. या निकालावर पुष्कळ टीका झाली. पुढे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वभौमत्वाची ही ढाल बरीच लहान केली. तेव्हा सरकार म्हणून घाबरून जाऊ नये. फक्त दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे विसरू नये.

आणि भोपाळ! इंदुराहून जेमतेम दोनशे किलोमीटर. आपल्यापैकी कितीतरी घरांचे आप्त तेथे होते. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढील वर्षी कायदा करून सर्व पीडितांचे दावे सरकारने स्वतःकडे घेतले आणि अमेरिकेत फिर्याद लावली. १९८६ साली तेथील न्यायालयाने सांगितले, हे प्रकरण हिंदुस्थानातच चालवा. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांचा अंतरिम दिलासा दिला. उच्च न्यायालयाने तो २५० कोटींवर आणला. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम वाढवून मिळावी हा सरकारचा अर्ज २०२३ साली फेटाळला गेला. ज्यांची फुप्फुसे गेली त्यांना आपल्या दाव्यात स्वतःचा आवाजही उरला नव्हता, ही टोचणी आम्हा मध्य प्रदेशातल्या वकिलांच्या मनात कायम आहे.

मात्र याच सुमारास एक मोठी गोष्ट घडली. १८६८ च्या एका इंग्रजी निकालापासून असा नियम होता की, धोकादायक वस्तू आपल्या जागेत आणून ठेवली आणि ती निसटली, तर हयगय नसली तरी मालक जबाबदार. पण त्याला दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य असे अपवाद होते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या एका खत कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने निर्णय दिला की, जिवाला धोका असलेला धंदा नफ्यासाठी चालविणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे, तिला अपवाद नाहीत. इंग्रजांकडून घेतलेल्या कायद्यात आपण घातलेली ही स्वतःची भर होय.

आता व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ज्यांना हव्यात त्यांनी टिपून घ्याव्यात.

मुदत ही पहिली गोष्ट. अब्रुनुकसानी किंवा द्वेषबुद्धीने केलेली खोटी फिर्याद यांचा दावा एका वर्षात लावावा लागतो. अपघाती मृत्यूबद्दल वारसांचा दोन वर्षांत. स्थावरावरील अतिक्रमणाच्या भरपाईचा तीन वर्षांत. अंगाला झालेल्या इजेचा साधा दावाही तीन वर्षांत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षे. मोटार अपघाताचे अर्ज खास न्यायाधिकरणापुढे चालतात; तेथे २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या भरवशावर न राहता सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर इजेबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि पैसे तसेच राहतात.

पुरावा ही दुसरी. अपघाताच्या जागेची छायाचित्रे त्याच दिवशी घ्यावीत. पंचनाम्याची नक्कल, साक्षीदारांची नावे, दवाखान्याचे कागद, औषधांची प्रत्येक पावती, बुडालेल्या रोजाचा हिशेब, हे सर्व एका पिशवीत ठेवावे. आम्ही अनेक चांगले दावे पावत्यांवाचून मेलेले पाहिले आहेत. आणि ‘पूर्ण व अखेरची रक्कम पोहोचली’ अशा कागदावर, दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने वाचल्याशिवाय, सही करू नये. ज्याची ऐपत नाही त्याला कोर्ट फी न भरता नादार म्हणून दावा लावता येतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही.

तिसरी गोष्ट भरपाईच्या हिशेबाची. पायाची किंमत कशी करायची? प्राणाची कशी? कुणालाच करता येत नाही. कायदा फक्त बुडालेल्या मिळकतीची करतो आणि दुःखाबद्दल अंदाजाने काही घालतो. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने वयाप्रमाणे गुणकांचे कोष्टकच घालून दिले आहे. ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, असे. मृत्यूच्या प्रकरणात मृताचा स्वतःवरचा खर्च म्हणून काही हिस्सा वजा होतो. भगिनींनी एक गोष्ट अवश्य ऐकावी. घरात राबणाऱ्या स्त्रीला पगार नाही म्हणून तिच्या जिवाची किंमत नाही, असे कायदा आता म्हणत नाही. जमशेदपूर येथे १९८९ साली एका समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात, २००१ च्या निकालाने, गृहिणीच्या कामाचे मोल दरमहा तीन हजार रुपये धरले गेले. पुढील निकालांनी ते आणखी वाढविले. कार्यालयांत मांडव घालणाऱ्या आपण सर्वांनी ते प्रकरण दुसऱ्याही कारणासाठी लक्षात ठेवावे.

आता पुन्हा आपल्या भिंतीकडे येऊ.

२००३ साली आमच्या मनात जे बचाव होते ते आज आम्ही आपल्यासमोर मांडतो. पहिला : पाऊस अपार पडला, ही दैवी आपत्ती. दुसरा : बाई तेथे विनापरवाना बसत होती. तिसरा : भिंत पडेल हे आपणास ठाऊक नव्हते.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. त्या पावसात गल्लीतील दुसरी एकही भिंत पडली नाही. दुसरा तर लंगडाच. ती आपल्या आवारात नव्हती, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला होती. आणि परवानगीचेच म्हणाल तर आपला चौकीदार तिच्याकडून रोज दोन रुपये घेत असे, हे आम्हास नंतर समजले. तिसऱ्याचे उत्तर दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघराने दिले आहे. नगरपालिकेचे ते ऐंशी वर्षांचे घंटाघर कोसळून माणसे मेली. नगरपालिका म्हणाली, दोष वरून दिसत नव्हता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रहदारीच्या रस्त्यालगत इमारत ठेवणाऱ्यावर विशेष जबाबदारी आहे. दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाही. आणि अशी इमारत पडली, हीच हयगयीची साक्ष. वर्षानुवर्षे तपासणी न करणारा ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकत नाही.

आणि खरे सांगायचे तर आम्हास ठाऊकही होते. भिंत पडण्याच्या दोन वर्षे आधी एका इंजिनिअर सभासदाने पत्र लिहिले होते की, मागील भिंतीला पोट आले आहे, ती उतरवून घ्यावी. ते पत्र फाइलीत होते. ‘निधी उपलब्ध झाल्यावर पाहू’ असा शेरा त्यावर मारलेला होता. तातडीच्या सभेच्या आदल्या रात्री आम्ही ते वाचले होते आणि सभेत त्याचा उल्लेख केला नव्हता. वकील या नात्याने अशिलाचे गुपित राखणे हे आमचे काम होतेच. पण विश्वस्तांना सत्य सांगून ‘हे आपले देणे आहे, द्या’ असा सल्ला देणे हेही आमचेच काम होते, आणि ते आम्ही केले नाही. त्याबद्दल आम्ही आज या सभेपुढे क्षमा मागतो.

बाईने दावा लावला नाही. तिला कायदा ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते दुसऱ्या बाजूला बसले होते. २००६ साली तिची मुदत संपली.

२०१२ साली संस्थेकडे शिष्यवृत्तीचे अर्ज आले. एका मुलाला पदविकेला प्रवेश मिळाला होता. अर्जात एक रकाना असतो : ‘कुटुंबास संस्थेकडून पूर्वी काही मदत मिळाली आहे काय?’ मुलाने लिहिले होते, ‘मदत नाही. भिंतीचे येणे बाकी आहे.’ त्याच्या आईने सांगितले तसे त्याने लिहिले. छाननी समितीत एकाने ते वाचून दाखविले आणि कुणीच बोलेना. तेव्हा आम्ही उठून ते इंजिनिअरचे पत्र फाइलीतून काढले आणि टेबलावर ठेवले.

त्यानंतर हिशेब झाला. तो येथे देतो, कारण आपल्या संस्थेच्या इतिहासात तो असावा. बाईची त्या वेळची मिळकत महिना तीन हजार, म्हणजे सालाचे ३६,०००. कमाईची शक्ती शेकडा चाळीस गेली असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे सालाचे नुकसान १४,४००. वय चौतीस, गुणक १६, म्हणजे २,३०,४००. औषधोपचार २१,६००. वेदनांबद्दल ५०,०००. एकूण ३,०२,४००. पैकी पूर्वी दिलेले पाच हजार वजा जाता २,९७,४००. नऊ वर्षांचे सरळ व्याज, दरसाल शेकडा सहा प्रमाणे, मिळवून रक्कम साडेचार लाखांच्या वर गेली.

एका विश्वस्तांनी शंका काढली, आणि ती रास्त होती : मुदतबाह्य रक्कम संस्थेच्या पैशांतून देता येईल काय? हिशेबतपासनीस हरकत घेतील. आम्ही सांगितले, संस्थेच्या निधीला हात लावू नये. पण कायद्याचेच एक तत्त्व असे आहे की, मुदतीने दाव्याचा उपाय जातो, येणे मरत नाही. देणाऱ्याने आपण होऊन दिले तर ते दान ठरत नाही, फेडच ठरते. २००३ च्या सभेला हजर असलेल्यांपैकी जे हयात होते त्यांनी, आणि जे नव्हते त्यांच्यापैकी दोघांच्या मुलांनी, पदरचे पैसे घातले. आमचा वाटा आम्ही घातला तो सांगण्याजोगा नाही, कारण तो उशिराचा होता. ठरावात ‘मदत’ हा शब्द कुठेही नाही.

रक्कम घेऊन आम्हीच गेलो. बाईने ती मोजली नाही. पावतीवर या वेळी अंगठा नव्हता, मुलाने शिकविलेली सही होती. ती म्हणाली, “वकीलसाहेब, शिष्यवृत्ती मात्र निराळी धरा हां. ती मदत आहे. ती आम्ही फेडू.” मुलाने ती फेडली. या वर्षीच्या देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव आहे. कोणते ते विचारू नये.

मित्रहो, साठ वर्षे ही संस्था दान देत आली. दान हा मोठा गुण आहे. परंतु दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. ज्याचे आपण नुकसान केले, त्याला वरून काही देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्यासमोर बरोबरीने बसून हिशेब करावा लागतो. अपकृत्यांच्या कायद्याचे सार आमच्या मते एवढेच आहे.

समारोपादाखल विश्वस्तमंडळास तीन सूचना करतो. इमारतीची तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करून तिची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी. तिऱ्हाइताच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा विमा उतरवावा आणि त्याचा हप्ता चुकवू नये. आणि कुणाचे काही वाकडे झाल्याची तक्रार आली, तर वकिलाला बोलावण्यापूर्वी फाइल सर्वांनी मिळून वाचावी.